पट्टा लहान होता: अटलांटातलं एक प्रकरण

वय ४३, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. राहायला अटलांटाच्या नैऋत्य भागात, नोकरी विमा कार्यालयात, दिवसभर कानाला फोन. जिना चढताना धाप लागते, दुपारी तीननंतर अंगात त्राण उरत नाही. वर्षभरात दोनदा दवाखान्यात ‘बीपी फार वाढलंय’ असं ऐकून घरी आलेल्या, आणि दोन्ही वेळा कागदावर सल्ला एकच: वजन उतरवा.

हे प्रकरण एका विशिष्ट बाईचं नाही. अमेरिकेतल्या जाड बांध्याच्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला जे वारंवार येतं, ते एका ठिकाणी नीट दिसावं म्हणून हे बांधलं आहे. बाईंचे आकडे उदाहरणाचे आहेत; मोजण्याच्या पद्धती, निकष आणि उपचार मात्र आज वापरात असलेलेच आहेत. तिथल्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत ५६.९ टक्के कृष्णवर्णीय स्त्रिया लठ्ठपणाच्या व्याख्येत बसल्या. म्हणजे या बाई अपवाद नाहीत. तरीही दवाखान्यातली खुर्ची, रक्तदाब मोजायचा पट्टा, झगा, दुकानातला बूट, सगळं काही त्या अपवाद असल्यासारखं बनवलेलं असतं. त्यांच्या आरोग्याची आणि आत्मविश्वासाची अर्धी कहाणी या वस्तूंतच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

दंड ४६ सेंटिमीटर, पट्टा ३४ चा

प्रतीक्षेच्या जागेतल्या सगळ्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंनी हात होते, म्हणून बाई भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. नाव पुकारल्यावर लगबगीने आत गेल्या. त्यांना तपासणीच्या उंच पलंगावर बसवलं. पाय लोंबकळते, पाठीला टेकू नाही. नर्सने भिंतीवरचा नेहमीचा पट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला. तो जेमतेम टोकाला चिकटला. हवा भरू लागली आणि चर्रर्र करत वेल्क्रो सुटला. नर्सने तो पुन्हा गुंडाळला, या वेळी सुटू नये म्हणून मुठीने दाबून धरला, आणि यंत्राने आकडा दिला: १५८/९४. बाईंनी ‘सॉरी’ म्हटलं. पट्टा सुटला म्हणून माफी मागितली ती त्यांनी.

या एका मोजणीत बऱ्याच चुका आहेत. चालत आल्यावर पाच मिनिटं शांत बसवलं नाही. पाय जमिनीवर नव्हते, पाठ टेकलेली नव्हती. बाही मध्ये होती. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला नव्हता. पण सगळ्यांत मोठा घोटाळा पट्ट्याच्या मापाचा. पट्ट्यातल्या हवेच्या पिशवीने दंडाचा सुमारे ८० टक्के घेर वेढायला हवा. पिशवी तोकडी पडली की खालची धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि यंत्र तीच जास्तीची हवा रक्तदाब म्हणून दाखवतं. मापं ठरलेली आहेत: दंडघेर २२ ते २६ सेंटिमीटर असेल तर लहान पट्टा, २७ ते ३४ नेहमीचा, ३५ ते ४४ मोठा, ४५ ते ५२ अतिमोठा. बाल्टिमोरमध्ये १९५ प्रौढांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अतिमोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ आणि खालचा ७.४ ने जास्त आला. एवढ्या फरकाने धडधाकट माणूस रुग्ण ठरतो आणि एका गोळीच्या जागी दोन लिहून दिल्या जातात.

दंडघेर घरी मोजता येतो. हात सैल सोडायचा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर शिंप्याची टेप धरायची. ती आवळायची नाही, ढिली सोडायची नाही. या बाईंचा घेर निघाला ४६. बाजारातल्या बऱ्याच घरगुती यंत्रांसोबत येणारा ‘मोठा’ पट्टा ४२ पर्यंतच पुरतो, त्यामुळे यंत्र घेताना खोक्यावरचा घेराचा पल्ला वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणखी एक अडचण असते. जाड दंड बहुतेकदा वर रुंद आणि कोपराकडे निमुळता असतो. सरळ पट्टा खालच्या बाजूला फुगतो, घसरतो. मोठ्या घेरासाठी काही यंत्रांना शंकूच्या आकाराचा पट्टा मिळतो, तो शोधावा. काहीच बसलं नाही तर मनगटावरचं यंत्र चालतं, मात्र मनगट बरोबर हृदयाच्या पातळीला धरून.

बाईंनी योग्य मापाचं यंत्र आणलं आणि सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, एका मिनिटाच्या अंतराने मोजणी केली. आधीच्या अर्ध्या तासात कॉफी नाही, धावपळ नाही, लघवी तुंबवून ठेवायची नाही. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी काढली: १३६/८४. म्हणजे रक्तदाब वाढलेला आहे, ते खोटं नव्हतं. पण १५८/९४ ला लगेच औषध सुरू होतं, १३६/८४ ला मधुमेह, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार नसेल तर तीन ते सहा महिने आहार-व्यायामाला संधी देता येते. त्यांना ती मिळाली. मूत्रपिंडाचे आकडे ठीक होते. तेही आता वर्णाचा गुणक न लावता मोजतात. जुन्या सूत्रात कृष्णवर्णीयांचं मूत्रपिंड कागदावर आहे त्यापेक्षा चांगलं दिसायचं, ते २०२१ मध्ये बदललं.

बर्फाचा पेला

धाप आणि थकवा यांचा उलगडा वेगळ्याच ठिकाणी झाला. बाईंच्या टेबलावर कायम एक मोठा पेला असतो, त्यात बारीक बर्फ. दिवसाला तीन-चार वेळा तो भरून घेतात.

“बर्फ खूप खाता का?”

“खात नाही, चघळते. सवय आहे.”

ही सवय नव्हती, लक्षण होतं. शरीरातलं लोह संपत आलं की माणसाला नको त्या गोष्टी खाव्याशा वाटतात. आपल्याकडे पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ लपून खाणाऱ्या बायका घरोघरी असतात. आजी ओरडते, पण हिमोग्लोबिन कुणी तपासत नाही. अटलांटात तोच डोहाळा बर्फाचा. मग पुढचे प्रश्न आले. पाळी किती दिवस? आठ-नऊ. पॅड किती वेळाने बदलावा लागतो? पहिले तीन दिवस दर दीड तासाने. गाठी पडतात? हो, नाण्याएवढ्या. एवढं अंगावरून जातंय हे आधी कुणाला सांगितलं का? नाही. “आईचंही असंच होतं. आमच्याकडे सगळ्यांचंच असतं.”

हिमोग्लोबिन ९.१, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ७. सोनोग्राफीत गर्भाशयात दोन फायब्रॉइड, म्हणजे स्नायूंच्या गाठी, ५ आणि ३ सेंटिमीटरच्या. त्यांच्या आईचंही तसंच होतं हे अगदी शक्य आहे. वॉशिंग्टनमधल्या एका पाहणीत, जी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय स्त्रियांना फायब्रॉइड झालेले दिसले, गोऱ्या स्त्रियांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या जवळ होतं. शिवाय कृष्णवर्णीय स्त्रियांत या गाठी लवकर आणि मोठ्या होतात. घरातल्या सगळ्यांना एकच आजार असला की तो आजार वाटेनासा होतो. त्यात ‘आपण खमक्या आहोत, सहन करतो’ हा बाणा लहानपणापासून अंगी बाणवलेला. वजनाची चर्चा एवढी मोठी, की वर्षभर कुणी पाळीबद्दल विचारलंच नाही.

इथे एक प्रश्न सांगून ठेवतो, जाड बांध्याच्या कोणत्याही बाईने दवाखान्यात विचारावा असा: “हाच त्रास एखाद्या सडपातळ बाईला असता, तर तुम्ही काय तपासलं असतं? तेच माझं तपासा.” भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त हा प्रश्न विचारायचा, आणि तपासणी नाकारली तर ‘नाकारली’ असं नोंदीत लिहायला सांगायचं. काट्यावर चढायचं नसेल तर तेही विचारता येतं. औषधाचा डोस वजनावर ठरणार नसेल तर त्या दिवशी वजन करायलाच हवं असं नाही. करायचंच असेल तर काट्याकडे पाठ करून उभं राहावं आणि आकडा मोठ्याने न सांगता नुसता लिहून घ्यायला सांगावं.

उपचार साधा होता. ३२५ मिलिग्रॅमची फेरस सल्फेटची गोळी, जिच्यात ६५ मिलिग्रॅम लोह असतं, एक दिवसाआड. रोज घेतली तर दुसऱ्या दिवशी आतडं लोह कमी शोषतं आणि पोट मात्र जास्त बिघडतं, म्हणून दिवसाआड. चहा-कॉफी गोळीच्या आगेमागे निदान तासभर नाही. पाळीच्या रक्तस्रावासाठी हार्मोनची मिश्र गोळी टाळली, कारण त्यातलं इस्ट्रोजेन वाढलेल्या रक्तदाबात धोक्याचं. गाठींमुळे गर्भाशयाची आतली पोकळी वाकडी झालेली नव्हती, त्यामुळे प्रोजेस्टिनची तांबी बसवता आली. शस्त्रक्रिया, गाठींना रक्त पुरवणारी वाहिनी बंद करण्याची पद्धत, हे पर्याय समजावून सांगितले आणि पुढे ठेवले.

साखरेची तपासणीही सरळ वाचून चालणार नव्हती. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.१ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पण लोह कमी असलं की हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. उलट सिकलसेलचा वाहक असेल तर तो खोटा खाली येऊ शकतो, आणि अमेरिकेत दर १३ कृष्णवर्णीय बाळांमागे एक वाहक जन्मतं. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटातल्या वाचकांना सिकलसेल नवा नाही. तिथेही एचबीए१सी एकट्याच्या भरवशावर मधुमेह ठरवू नये. म्हणून उपाशीपोटीची साखर पाहिली: १०४. उंबरठा खराच होता. मानेवर मागच्या बाजूला मखमलीसारखा काळसर जाड पट्टा होता, त्यानेही तेच सांगितलं. त्याला मळ समजून बाई अनेक वर्षं तो काथ्याने घासत होत्या. तो मळ नसतो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की त्वचा तशी होते, आणि घासल्याने आणखी काळी पडते.

बीएमआयबद्दल, थोडक्यात

बाईंचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४१. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या क्वेटेले यांनी लोकसंख्येची सरासरी मांडण्यासाठी काढलं. एका माणसाची प्रकृती ओळखण्यासाठी नव्हे. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही जून २०२३ मध्ये एकट्या बीएमआयवर विसंबू नये असं धोरण घेतलं. मराठी वाचकाला याचा सगळ्यांत चांगला दाखला पुण्यातच सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. ही गोष्ट २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. आपल्याकडे हा आकडा धोका लपवतो, तर या बाईंच्या बाबतीत त्याने बाकी सगळे धोके झाकून टाकले. कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर, योग्य पट्ट्याने मोजलेला रक्तदाब, हिमोग्लोबिन: फाइलच्या पहिल्या पानावर आता ही चार ओळींची यादी आहे. वजन पाचव्या ओळीत.

चालणं, आणि ते का मोडलं

हिमोग्लोबिन ९ असताना व्यायामाचा जोर लावायचा नसतो. पहिले तीन आठवडे रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. वेगाची कसोटी सोपी: चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. बोलतानाच दम तुटत असेल तर थांबायचं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. पुढे दर आठवड्याला पाच मिनिटांची भर. पल्ला आठवड्याला १५० मिनिटांचा, आणि दोन दिवस ताकदीचे: खुर्चीवरून हात न टेकता उठणं ८ वेळा, भिंतीला हात टेकवून दंड काढणं ८ वेळा, रबरी पट्ट्याने ओढणं ८ वेळा, असे तीन फेरे. खुर्ची ४५ सेंटिमीटरची असते. गुडघे कुरकुरले तर वर उशी ठेवून ती उंच करायची, दोन आठवड्यांनी उशी काढायची.

बेल्टलाइन, म्हणजे अटलांटाभोवतीच्या जुन्या रेल्वेमार्गावर केलेला पायी चालण्याचा रस्ता. त्याच्या वेस्टसाइड भागातली पायवाट २०१७ पासून खुली आहे, सुमारे पाच किलोमीटर, सपाट, काँक्रीटची. जुलैत दुपारी अटलांटाचा पारा ३२ च्या आसपास आणि हवा दमट, त्यामुळे वेळ सकाळी सातच्या आत. एकटीने चालायला बाई तयार नव्हत्या. रस्त्यात गाडीतून शेरे मारणारे भेटतात. चर्चमधल्या चार जणी सोबत आल्या, त्यातल्या दोघी सत्तरीच्या, ज्यांना सगळे नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात आणि ज्यांच्यापुढे कुणी शेरा मारायला धजावत नाही. टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हनेसा गॅरिसन यांनी उभारलेल्या गर्लट्रेक या चळवळीने कृष्णवर्णीय स्त्रियांना नेमकं हेच सांगितलं: रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, घराबाहेर पडून, एकमेकींसोबत. वजनाचा आकडा त्यात कुठेच येत नाही.

पाचव्या आठवड्यात सगळं थांबलं. नऊ दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. आळस म्हणायला सगळे टपलेले असतात. कारणं मात्र हात लावून दाखवता येतील अशी होती.

मांड्या सोलवटल्या होत्या. सुती लेगिंगची आतली शिवण घामाने ओली होऊन घासत होती. सुती कापड घाम धरून ठेवतं, म्हणून चालण्यासाठी ते चुकीचं. गुडघ्याच्या थोडी वर येणारी, घाम न धरणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची चड्डी घ्यायची, आतला पाय २० ते २३ सेंटिमीटर, मांडीच्या आतल्या बाजूला शिवण नसलेली. बाहेर पडण्यापूर्वी मांड्यांना आणि काखेत पेट्रोलियम जेली किंवा घर्षण रोखणारा बाम. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात आणि ओल धरून राहते.

टाच दुखत होती. बूट लांबीला बरोबर होता, रुंदीला अरुंद. अमेरिकेत बायकांच्या बुटाची साधी रुंदी ‘बी’ असते. रुंद पायाला ‘डी’ आणि त्याहून रुंदाला ‘२ई’ मागावा लागतो, आणि तो बहुतेकदा दुकानाच्या फळीवर नसतो, आतून काढायला सांगावा लागतो. माप संध्याकाळी, उभं राहून, मोज्यासकट घ्यायचं, कारण दिवसभरात पाय पसरतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी.

तिसरं कारण बाईंनी शेवटी सांगितलं: छाती हिंदकळते, लोक बघतात, आणि पाठ दुखते. त्या घालत होत्या ती नुसती आवळणारी स्पोर्ट्‌स ब्रा. मोठ्या छातीला तिचा उपयोग कमी, कारण ती दोन्ही बाजू एकत्र दाबून धरते. दोन स्वतंत्र वाट्या असलेली, मागे हुक असलेली, खांद्यावर निदान अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या असलेली घ्यावी. भार खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. पाठीवर पट्टा वर सरकत असेल तर तो ढिला आहे, घेर एक माप कमी करायचा आणि वाटी एक माप वाढवायची. पट्ट्याखाली दोन बोटं शिरावीत, मूठ नको. दुकानातच दहा उड्या मारून बघायचं. छातीखाली पुरळ होतं, तेही दिसलं. सावळ्या-काळ्या त्वचेवर ते लाल दिसत नाही, जांभळट किंवा करडं दिसतं. पाठ्यपुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची असल्यामुळे ते नजरेतून सुटतं. कडेने लहान-लहान पुटकुळ्या असतील तर बुरशी: क्लोट्रिमाझोलचं मलम दिवसातून दोनदा, दोन ते तीन आठवडे, आणि अंघोळीनंतर घडी पूर्ण कोरडी करून मऊ सुती पट्टी.

केस

हा भाग ज्यांना किरकोळ वाटतो, त्यांच्या योजना इथेच फसतात. बाईंनी सिल्क प्रेस करून घेतलं होतं, म्हणजे कुरळे केस उष्णतेने रेशमासारखे सरळ करून घेतले होते. त्याला अर्धा दिवस लागतो, पैसे लागतात, आणि ते आठवडा-दोन आठवडे टिकतं. एकदा टाळू घामाने भिजली की मुळाशी केस पुन्हा आपल्या मूळ वळणावर येतात. सोमवारी कचेरीत नीटनेटकं दिसायचं की शनिवारी घाम गाळायचा, असा खराखुरा पेच असतो. उत्तर कॅरोलायनात १०३ कृष्णवर्णीय स्त्रियांना विचारलं तेव्हा जवळपास ४० टक्के जणींनी केसांमुळे व्यायाम टाळतो असं सांगितलं. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधीच्या वर्षी, ऑगस्ट २०११ मध्ये, देशाच्या तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या वतीने जनतेशी आरोग्यावर बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टर, रेजिना बेंजामिन याच अटलांटात केशभूषेच्या मोठ्या प्रदर्शनात जाऊन हाच विषय बोलल्या होत्या. काहींनी त्यांची टिंगल केली. त्यांचं बरोबर होतं.

तोडगा वेळापत्रकात निघतो. केस धुण्याचा दिवस ठरवायचा, समजा रविवार, आणि घामाचे दोन दिवस त्याच्या लगेच आधी घ्यायचे, शुक्रवार-शनिवार. सिल्क प्रेसनंतरच्या पहिल्या दिवसांत ताकदीचे व्यायाम, पंख्याखाली. चालताना केस डोक्याभोवती सपाट गुंडाळून वर सॅटिनचा रुमाल. घरी आल्यावर रुमाल लगेच सोडायचा नाही. वीस मिनिटं, टाळू वाळेपर्यंत, थांबायचं. ओल्या केसांवरून रुमाल ओढला की केस फुगलाच. उन्हाळ्यासाठी बाईंनी पेड घालून घेतले, बिनगाठीचे, सहा ते आठ आठवडे टिकणारे. पेड घालताना कपाळाच्या कडेला दुखत असेल, बारीक फोड येत असतील, तर ते फार आवळलेत. तिथेच सांगून सैल करून घ्यायचे, कारण ओढ चालूच राहिली तर त्या कडेचे केस कायमचे जातात. घट्ट ओढून घातलेल्या वेण्यांनी आपल्या मुलींचंही कपाळ असंच मागे जातं. पोहायचं असेल तर आधी नळाच्या पाण्याने केस भिजवायचे आणि कंडिशनर लावायचं, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं, आणि पेडांसाठी मोठ्या मापाची सिलिकॉनची टोपी.

ताट

रविवारचं जेवण बंद करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. ते जेवण म्हणजे कुटुंब आहे. शिवाय त्या ताटातले काही चांगले पदार्थ आफ्रिकेतूनच आलेले: चवळी आणि भेंडी, दोन्ही पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या सोबत अमेरिकेत गेल्या. कॉलर्ड नावाची रुंद पानांची भाजी लोह आणि पोटॅशियम देते. खारवलेलं डुकराचं मांस घालून ती तासन्‌तास शिजवली की मीठ तिच्यात उतरतं. त्याऐवजी कांदा, लसूण, सुकी मिरची, थोडं व्हिनेगर, आणि हवाच असेल तर धुरावलेल्या टर्कीचा एक तुकडा, आधी पाण्यात उकळून ते पाणी फेकून. डब्यातली चवळी निथळून धुतली तर सोडियम ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. दिवसाची मर्यादा २३०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा मीठ, सगळं धरून. मसाला-मीठाची बाटली चुलीजवळून उचलून कपाटात ठेवली, तेवढ्यानेच हात आवरला.

रक्तदाबासाठी भाज्या, फळं, डाळी, कमी चरबीचं दूध यांचा जो आहार अमेरिकेत सर्वमान्य आहे, त्याचा १९९७ चा मूळ प्रयोग ज्यांच्यावर झाला त्यातले सुमारे ६० टक्के लोक कृष्णवर्णीय होते, आणि त्यांचाच रक्तदाब जास्त उतरला. हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही.

खरा बदल गोड चहाचा. दक्षिणेत थंड गोड चहा पाण्यासारखा पितात. मोठ्या पेलाभर, म्हणजे ४७५ मिलिलिटरमध्ये, साधारण ३५ ते ४५ ग्रॅम साखर. बाई असे दोन प्यायच्या, जेवणासोबत, म्हणजे साखर तर जातच होती, वर चहामुळे जेवणातलं लोहही वाया. एका दिवसात सोडला तर डोकं दुखतं आणि चौथ्या दिवशी माणूस पुन्हा पितो. म्हणून दोन आठवडे अर्धा गोड-अर्धा बिनसाखरेचा, तिथल्या हॉटेलात असा सहज मिळतो. पुढे दोन आठवडे पाव गोड. आणि जेवणाच्या वेळी फक्त पाणी व लिंबू.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल बाईंनी विचारलं. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०२१ मध्ये लठ्ठपणासाठी मान्यता मिळाली, ते काम करतं, आणि ते घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हिमोग्लोबिन ९ असताना भूक मारणारं औषध आधी नको, असा सल्ला दिला, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं ठरवलं.

कपड्यांच्या कपाटाचं एक काम मध्येच झालं. ‘बारीक झाले की घालीन’ म्हणून ठेवलेले कपडे खोक्यात गेले, आणि आजच्या मापाची एक पँट, एक ड्रेस, एक पोहण्याचा पोशाख शिवून-बसवून घेतला. आरशापुढे उभं राहून स्वतःची स्तुती करण्याचे व्यायाम बऱ्याच जणींना खोटे वाटतात. अंगाला न टोचणारा, दिवसभर ओढून खाली करावा न लागणारा कपडा मात्र पहिल्याच दिवशी काम करतो.

सहा महिन्यांनी, आणि एक चूक

हिमोग्लोबिन १२.३, फेरिटिन ३८. बर्फाचा पेला दुसऱ्या महिन्यातच टेबलावरून गेला होता, कुणी न सांगता. घरचा रक्तदाब सरासरी १२७/७९. उपाशीपोटीची साखर ९८, लोह भरल्यानंतरचा एचबीए१सी ५.८. वजन १०८.५, म्हणजे साडेतीन किलो कमी. फक्त वजनाची ओळ पाहणाऱ्याला हे प्रकरण फसलेलं वाटेल.

फसलं ते वेगळ्या जागी. चौथ्या महिन्यात, हिमोग्लोबिन वर आल्यावरही, सकाळचा थकवा तसाच होता. लोहाने सगळं उकललं असं धरून पुढे कुणी पाहिलं नव्हतं. बहीण राहायला आली तेव्हा ती म्हणाली, “अगं, झोपेत तुझा श्वास थांबतो. मी घाबरून मोजत बसले होते.” घोरणं, दिवसाची झोप, थांबणारा श्वास, रक्तदाब, ३५ वरचा बीएमआय, ४१ सेंटिमीटरची मान: स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडखळण्याचा आजार, ओळखण्याच्या आठांपैकी सहा प्रश्नांना ‘हो’. ही प्रश्नावली पहिल्याच दिवशी, पाच मिनिटांत भरून घेता आली असती. मिसिसिपीतल्या जॅक्सन हार्ट स्टडीत तपासलेल्या कृष्णवर्णीयांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला मध्यम किंवा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया निघाला आणि त्यातल्या ९५ टक्क्यांना तो आहे हे माहीतच नव्हतं. हे २०१८ मध्येच छापून आलं होतं. घरी केलेल्या तपासणीत बाईंचा श्वास तासाला १७ वेळा अडखळत होता. सीपॅप, म्हणजे झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देणारं यंत्र, सुरू झालं. पहिल्या आठवड्यात मुखवटा पेडांवरून घसरून हवा गळत राहिली. मग सॅटिनची टोपी आधी आणि पट्टे तिच्यावरून, मागचा पट्टा पेडांच्या गाठोड्याखाली मानेशी बांधून, असं बसवल्यावर गळती थांबली.

पाच सेंटिमीटरची गाठ अजून आहे. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी. इंजेक्शनाबद्दल बाईंनी अजून ठरवलेलं नाही. मागच्या भेटीला नर्सने यंत्र ओढलं तेव्हा बाईंनी स्वेटरची बाही काढली आणि म्हणाल्या, “माझा दंड ४६ चा आहे. अतिमोठा पट्टा लागेल.” नर्सने तो शेजारच्या खोलीतून आणला. तोवर बाई पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून बसून राहिल्या.